कशातून तारायचे?

माणूस पापात बुडालेला आहे, स्वतःच्या बळावर तो वर येऊ शकत नाही, म्हणून देवाने आपला पुत्र जगात पाठवला आणि त्याच्या वधस्तंभावरच्या मरणाने माणसाची सुटका केली. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा एवढाच आहे. मराठी मुलखात हे सांगितले जाऊ लागले त्याला चारशे वर्षे उलटून गेली. या काळात मराठी माणसांनी त्याला काय उत्तरे दिली, त्यांतली काही निवडक उत्तरे या संग्रहात एकत्र आणली आहेत. यात ओव्या आहेत, खंडनमंडनाचे ग्रंथ आहेत, आत्मचरित्रांतली पाने आहेत, पत्रे, भाषणे आणि कीर्तनाची आख्याने आहेत.

अशा संग्रहात दोनच बाजू असतील असे वाचकाला वाटणे साहजिक आहे. काहींनी बाप्तिस्मा घेतला, काहींनी पाठ फिरवली. पण कागद चाळू लागले की हे चित्र टिकत नाही. बाप्तिस्मा घेऊनही चर्चशी आयुष्यभर भांडलेली माणसे इथे भेटतात. ख्रिस्ताला मनापासून मानूनही बाप्तिस्म्याच्या वाटेला न गेलेली भेटतात. आधी ख्रिस्ती मताचे खंडन लिहून मग त्याच मताचे झालेले पंडितही भेटतात. ही उत्तरे एकापुढे एक ठेवून वाचताना मला जे दिसले ते असे : येशू कोण होता, यावर मराठीत वाद झाला, पण त्याहून खोल वाद झाला तो तारायचे कशातून, यावर. पापातून? जन्ममरणाच्या फेऱ्यातून? जातीतून? भुकेतून? वैधव्यातून? आपण कशात अडकलो आहोत याचे ज्याचे त्याचे जे निदान होते, त्यावरून त्याने हा तारणारा स्वीकारला, नाकारला किंवा आपल्या गरजेप्रमाणे घडवून घेतला.

मिशनरी आले तेव्हा महाराष्ट्र तारणाऱ्यांवाचून अडलेला नव्हता. मगरीने पाय धरलेला गजेंद्र, मरताना मुलाला हाक मारून सुटलेला अजामिळ या गोष्टी कीर्तनातून गावोगाव पोचल्या होत्या. भवसागर, नाव आणि पैलतीर ही संतांची नेहमीची भाषा होती. देवाने भक्तासाठी धावून यावे, त्याच्या घरी राबावे, त्याची लाज राखावी, यात कुणाला काही नवल वाटत नव्हते. आपण पतित आहोत आणि तो पावन करणारा आहे, हेही वारकऱ्याच्या तोंडी रोजचे होते. त्यामुळे कृपेने होणारी सुटका ही कल्पना परकी नव्हती. परके होते ते दुसरेच काही. ही सुटका रोमन अंमलातल्या एका प्रांतात, एका ठराविक दिवशी, कायमची होऊन गेली आहे, ती एका निरपराध माणसाच्या मरणाने झाली आहे आणि तिच्याशिवाय दुसरी वाट नाही, हे ऐकणाऱ्याच्या घशाखाली उतरेना. विठ्ठल आजही उभा आहे. तो एकदाच येऊन गेला असे वारकरी कधी म्हणत नाही.

इथे नवख्या वाचकासाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ख्रिस्ताच्या मरणाने तारण कसे होते, याचे एकच उत्तर खुद्द ख्रिस्ती परंपरेतही नाही. पहिल्या शतकांतल्या धर्मगुरूंना त्यात मृत्यूवर आणि सैतानावर मिळवलेला विजय दिसे. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने त्याला ऋणफेडीचे रूप दिले : माणसाने देवाचा मान हिरावला, ती भरपाई माणसाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून देवालाच माणूस व्हावे लागले. पुढच्याच शतकात आबेलारने भर दिला तो प्रेमावर. वधस्तंभावरचे प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, तेच तारण. धर्मसुधारणेच्या काळात अन्सेल्मची भरपाई जाऊन शिक्षा आली, आणि दुसऱ्याची शिक्षा स्वतःवर घेणारा ख्रिस्त पुढे झाला. १९३० मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ ऑलेन यांनी जुन्या विजयाच्या कल्पनेला पुन्हा उजाळा दिला. एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्यात आणि नगरमध्ये आलेल्या स्कॉटिश व अमेरिकन मिशनऱ्यांनी यांतले प्रामुख्याने शिक्षेचे रूप आणले. न्यायाधीश, गुन्हेगार, शिक्षा आणि बदली कैदी अशी ती मांडणी होती. मराठी पंडितांनी जे खंडन केले ते बव्हंशी या मांडणीचे. हे ध्यानात ठेवले नाही तर त्यांनी संपूर्ण ख्रिस्ती विचारच नाकारला असा गैरसमज होतो.

त्याआधी दोन शतके गोव्यात वेगळ्या तऱ्हेने सुरुवात झाली होती. इंग्लंडमधून आलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला उतरला आणि चाळीस वर्षे तिथेच राहून १६१९ मध्ये वारला. साष्टी भागात तो होता तेव्हा, १५८३ मध्ये, कुंकळ्ळीला देवळे पाडल्याच्या संतापातून पाच जेझुइटांची हत्या झाली आणि त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना पोर्तुगिजांनी ठार केले. १५६० पासून इन्क्विझिशन हे चर्चचे धर्मन्यायालयही होते. अशा ठिकाणी लोकांनी ख्रिस्त स्वीकारला का, हा प्रश्न मोकळेपणाने विचारताच येत नाही. तरीही १६१६ मध्ये रायतूरला छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ वाचताना वेगळे काही हाती लागते. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत आहे, छपाई मात्र रोमन लिपीत झाली. तो रचण्याचे कारण ग्रंथातच आले आहे. नवे ख्रिस्ती म्हणतात की आमची जुनी पुराणे गेली, आता आम्ही ऐकायचे काय? तत्त्वाबद्दल त्यांची तक्रार नाही. संध्याकाळी बसून ऐकायला कथा हवी, एवढेच त्यांचे मागणे आहे. स्टीफन्सने आदामापासून सुरुवात करून येशूची कथा ओवीत सांगितली. तिथे तारणारा न्यायालयात उभा नाही, तो पुराणातल्या नायकासारखा येतो. पुढे फ्रेंच पाद्री एतियेन द ला क्रुआ याने १६२९ मध्ये छापलेल्या पीटरच्या पुराणात हिंदू देवांवर सडकून टीका केली. स्टीफन्सचा ग्रंथ मात्र हस्तलिखितांतून मंगळूरपर्यंत गेला आणि १९०७ मध्ये सालढाणा यांनी तो तिथे पुन्हा छापून काढला. ज्या लोकांवर धर्म लादला गेला त्यांच्या वंशजांनीच तो ग्रंथ जपला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

मुंबईत अमेरिकन मिशन १८१३ मध्ये सुरू झाले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि लगेच जाहीर वादविवादांना तोंड फुटले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी विल्सनला उत्तर म्हणून पुस्तक लिहिले, पुढल्याच वर्षी विल्सनचे प्रत्युत्तर आले. १८५७ च्या पहिल्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात संध्याकाळी वाद होत, आणि ते ऐकायला गर्दी लोटे. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने ते इंग्रजीत छापले आहेत. त्या शतकातल्या वादांमध्ये हिंदू बाजूचे आक्षेप पुन्हा पुन्हा तेच येतात. ज्याने केले त्याने भोगावे हा कर्माचा नियम, मग एकाचे पाप दुसऱ्याच्या मरणाने कसे फिटेल? देव सर्वशक्तिमान असेल तर रक्त सांडल्याशिवाय त्याला क्षमा का करता येऊ नये? येशूच्या आधी जन्मलेल्यांचे काय? हे प्रश्न टाळीसाठी विचारलेले नव्हते. पापाची जबाबदारी हस्तांतरित होऊ शकते का, या प्रश्नावर युरोपातल्या तत्त्वज्ञांनीही पुष्कळ डोके झिजवले आहे.

याच सुमारास काशीत नीलकंठशास्त्री गोऱ्हे या चित्पावन पंडिताने ख्रिस्ती मताविरुद्ध ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि काही वर्षांतच, १८४८ मध्ये, बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी षड्दर्शनांची चिकित्सा केली ती शास्त्रींच्याच पद्धतीने. शंका त्यांना बाप्तिस्म्यानंतरही सतावत राहिल्या. बेळगावचे बाबा पद्मनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र वाचले की पापाची जाणीव ही काही जणांसाठी किती खरी, अंगावर येणारी गोष्ट होती हे कळते. त्या काळी धर्मांतराची किंमत घरात आणि कोर्टात मोजावी लागे. १८३९ मध्ये दोन पारशी मुलांवरून मुंबईत खटला उभा राहिला. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मुलाला कोर्टाने मिशनकडून घरी परत पाठवले, आणि त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून शहर पेटले. घ्यावे असे म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. ‘बाटला’ हा शिक्का एकदा बसला की तो पुसायला केवढे धैर्य लागते, हे त्या प्रकरणात दिसते.

प्रार्थना समाजाची वाट मधली होती. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या या समाजाला ख्रिस्ताची शिकवण प्रिय होती, पण अवतार आणि एकच ईश्वरप्रणीत ग्रंथ या कल्पना त्याने मानल्या नाहीत. बंगालमध्ये राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूची वचने चमत्कारांपासून वेगळी काढून छापली होती, त्याच वाटेवरची ही मंडळी. त्यांना गुरू हवा होता, तारणारा नको होता. सुशिक्षित मराठी घरांत आजही येशूविषयी जे सहज बोलले जाते ते बहुधा इथूनच आले आहे. या भूमिकेतला सच्चेपणा मला मान्य आहे. पण तिच्यात वधस्तंभ मागे पडतो, आणि ज्यांना वधस्तंभच आपला वाटला त्यांच्याशी ही भूमिका बोलूच शकत नाही.

जोतीराव फुले इथे सगळ्यांहून वेगळे पडतात. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता, बाप्तिस्मा मात्र त्यांनी घेतला नाही. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ते येशूकडे बळीराजाच्या रूपात पाहतात. बळी म्हणजे वामनाने कपटाने पाताळात ढकललेला राजा, ज्याचे राज्य परत येवो असे मराठी शेतकरी कुटुंबांत दिवाळीला म्हणतात. येशूला त्याच्या रांगेत बसवल्यावर वधस्तंभाचा अर्थच पालटतो. दीनदुबळ्यांसाठी उभ्या राहिलेल्या माणसाला सत्ताधाऱ्यांनी मारले, असा तो अर्थ होतो. इथे पापाचा हिशेब नाही, आहे तो अन्यायाचा हिशेब. पुढे त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये आलेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तका’त एकाच घरात वेगवेगळ्या धर्मांची माणसे सुखाने नांदतात. फुल्यांना तारणारा हवा होता आणि तो एका धर्माच्या कुंपणात कोंडलेला नको होता. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरावर पुण्यात गदारोळ उठला तेव्हा १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली ती यामुळेच.

रमाबाईंवर या संग्रहात सर्वांत जास्त पाने खर्ची पडली आहेत आणि त्याबद्दल मला मुळीच संकोच नाही. संस्कृत पंडिता म्हणून गाजलेली ही विधवा १८८३ मध्ये इंग्लंडला गेली आणि वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिली. तिथल्या भगिनींनी तिला लंडनच्या फुलम भागातले आपले काम दाखवले. वाममार्गाला लागलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या, आणि भगिनी त्यांची प्रेमाने देखभाल करीत. अशा बायकांवर दया करावी असे आपल्याकडे तिने कधी ऐकले नव्हते. हे का करता, असे तिने विचारले. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली : विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. रमाबाईंनी पुढे लिहिलेल्या साक्षीत हा प्रसंग आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचा आणि त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. पण लगेच त्यांनी त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर भगिनी जेराल्डिनशी पत्रांतून वाद मांडला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती जाण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी स्वतःच सांगितले आहे की आधी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला, खुद्द ख्रिस्त कित्येक वर्षांनी. त्या दरम्यान १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन निघाले, १८९३ मध्ये तिथल्या मुलींच्या धर्मांतरावरून पुण्यात वादळ झाले, आणि दुष्काळात आणलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. टाकलेल्या बाईला विहिरीवर जो भेटतो तो त्यांचा तारणारा, असे त्यांचे सगळे आयुष्य सांगते. केडगावला बसून बायबलचे जे मराठी भाषांतर त्यांनी केले, ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रेव्हरंड ना. वा. टिळकांना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते म्हणत, आणि ते अक्षरशः खरे होते : त्यांचे अभंग आजही मराठी उपासनांत म्हटले जातात. शेवटी मिशनची नोकरी सोडून त्यांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना एकत्र आणण्यासाठी. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट निराळी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर कित्येक वर्षे त्या सोवळे सांभाळत राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’त त्या सांगतात की एके दिवशी बसल्या बसल्या मनात आले, ही जात देवाने केली की माणसाने? विचार करून त्यांनी ठरवले की आजपासून कुणाच्याही हातचे खायचे आणि प्यायचे. पापाचा उच्चार नाही, तारणाचा सिद्धांत नाही. पाण्याच्या एका घोटाने ती बाई सुटली, आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते या संपूर्ण विषयावर मराठीत याहून नितळ काही लिहिले गेलेले नाही.

नगर आणि जालना भागांतल्या महार-मांग वस्त्या १८७६ नंतरच्या दुष्काळांत मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाल्या. ‘पोटासाठी बाटले’ असे त्यांच्याविषयी म्हटले गेले, अजूनही म्हटले जाते. मला हे वाक्य अन्यायाचे वाटते. भुकेल्याने भाकरी देणाऱ्याच्या देवाकडे पाहिले तर त्यात लबाडी कुठे आहे? शिवाय भाकरीबरोबर शाळा आली, ख्रिस्ती कीर्तने आली, वर्गात एका बाकावर बसणे आले. जातीची उतरंड चर्चच्या दारापाशी थांबली नाही, हेही तितकेच खरे.

डॉ. आंबेडकरांनी नेमके इथे बोट ठेवले. १९३८ मध्ये सोलापुरात ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आपल्याला वाटणारी ओढ सांगितली. पण धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना त्यांचा मुद्दा कठोर आहे : अस्पृश्याला त्याच्या हीन अवस्थेचे कारण म्हणून भोवतालची समाजव्यवस्था दाखवण्याऐवजी त्याचे स्वतःचे पाप दाखवले गेले, त्यामुळे लढण्याची धार बोथट झाली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बुद्ध मोक्षदाता नसून मार्गदाता आहे, असे ते मांडतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी जी दीक्षा घेतली तिच्यामागे हा विचार होता. तारणाऱ्याच्या कल्पनेला मराठीत मिळालेला हा सर्वांत भारदस्त नकार आहे. त्याला ख्रिस्ती बाजूने उत्तर यायला वेळ लागला. १९८१ मध्ये अरविंद निर्मल यांनी बंगळुरूला दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईशज्ञानाची जी मांडणी सुरू झाली, तिच्यात येशू स्वतःच तुच्छ लेखलेला, वेशीबाहेर मारलेला माणूस आहे. फुल्यांचा बळी आणि निर्मल यांचा येशू एकमेकांना ओळखतील.

हे सारे आज वाचायचे कशाला? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी आहेत. तरी धर्मांतराचा विषय निघाला की सभागृहात आणि चावडीवर आवाज चढतो. अनेक राज्यांत त्यावर कायदे आहेत. १९५० च्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, पुढे शीख आणि बौद्ध दलितांना त्या मिळाल्या, आणि हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. या सगळ्या चर्चेत धर्मांतर करणारा माणूस फसवला गेलेला किंवा विकत घेतलेला एवढाच दिसतो. त्याने विचार केला असेल, प्रश्न विचारले असतील, अर्धे मानले आणि अर्धे नाकारले असेल, याला तिथे जागा नाही. ही जागा मोकळी करून देणे हा या संग्रहाचा हेतू आहे. कोणता धर्म बरा, याचा निवाडा इथे नाही.

निवड करताना एक पथ्य पाळले आहे. उत्तर देणाऱ्याचे स्वतःचे शब्द जिथे मिळतात तिथे मिशनचे अहवाल बाजूला ठेवले. यामुळे मोठी उणीवही राहिली. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या बायकांचे स्वतःचे लेखन जवळजवळ नाही, त्यांच्याबद्दल नेहमी दुसरेच बोलले आहेत. वसईच्या जुन्या कॅथलिक समाजाचे लोकगीतांतले धन मोठे आहे, त्यातले थोडेच इथे घेता आले. जुन्या लेखनाचे शुद्धलेखन तसेच ठेवले आहे आणि कठीण शब्दांचे अर्थ पानाखाली दिले आहेत.

क्रम काळानुसार आहे, अपवाद एकच. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध सर्वांत पुढे ठेवला आहे. तो १८५५ मध्ये मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदया’त छापून आला. छापणाऱ्यांपाशी तारणारा तयार होता, पण ही मुलगी त्याचे नाव घेत नाही. आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असे ती थेट देवाला विचारते.